तोंड आलं की मेडिकलमधून काय घ्यावं? एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) चालू असणाऱ्यांसाठी पेस्ट, जेल आणि गुळण्यांचा आढावा

मेडिकलवर जाऊन ‘तोंड आलंय, काहीतरी द्या’ म्हटलं की समोर ठरलेल्या गोष्टी येतात. जेलची छोटी ट्यूब, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणि फारच दुखत असेल तर गुळण्यांची बाटली. वर्षातून एखादा फोड येणाऱ्याचं एवढ्यात भागतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या ज्या माणसाचं तोंड दर महिन्या-दीड महिन्याला येतं, त्याला मात्र ही खरेदी जपून करावी लागते. तोंडातल्या जखमा वेगवेगळ्या कारणांनी होतात आणि एका जखमेचं औषध दुसरीला चिघळवू शकतं. शिवाय काउंटरवर सहज मिळणाऱ्या काही औषधांचं एआरटीच्या गोळ्यांशी जमत नाही. दुकानदाराला ते कळायला मार्ग नसतो, कारण आपण कुठल्या गोळ्या घेतो हे त्याला सांगितलेलं नसतं. ते सांगायची सक्तीही नाही. म्हणून हे गणित आपल्याच डोक्यात पक्कं असायला हवं.

आधी आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. ओठ बाहेर ओढून, गाल ताणून, जीभ वर उचलून पाहा. ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या मऊ भागावर, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली गोल, मध्ये पिवळट-पांढरी आणि भोवती लाल कडा असलेली जखम असेल, तर ती बहुधा नेहमीची, म्हणजे अ‍ॅफ्थस प्रकारची. १ सेंटीमीटरहून लहान असेल तर ७ ते १४ दिवसांत भरते. त्याहून मोठी आणि खोल असेल तर महिनाही घेते आणि वण ठेवून जाते. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, खूप खाली, विशेषतः १००च्या आत असताना, या मोठ्या जखमा जास्त दिसतात. टाळूच्या कडक भागावर किंवा हिरड्यांवर बारीक फोडांचा घोळका फुटून जखमा झाल्या असतील तर हर्पिस या विषाणूचा संशय घ्यायचा. दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर असेल, ओल्या कापसाने पुसला की निघत असेल आणि खाली लाल भाग दिसत असेल, तर ती बुरशी, म्हणजे कँडिडा. जिभेच्या कडेवर उभ्या रेघांचा पांढरा, केसाळ दिसणारा आणि पुसून न निघणारा पट्टा ही आणखी वेगळी गोष्ट. तो सहसा दुखत नाही, त्याला जेलही लागत नाही, पण एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

एवढं पाहूनही खात्री होत नसेल तर पुढची कुठलीच ट्यूब घेऊ नका, आधी दाखवा. प्रतिकारशक्ती कमी असताना हर्पिस आपली नेहमीची जागा सोडून कुठेही उठतो, त्यामुळे फक्त जागेवरून निदान चुकू शकतं.

आता ट्यूबांकडे. नेहमीच्या अ‍ॅफ्थस जखमेसाठी आमचा पहिला कौल ट्रायामसिनोलोन ०.१ टक्के ओरल पेस्टला. केनाकॉर्ट हे तिचं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, बाकीच्या कंपन्यांचीही येते. घेताना खोक्यावर ‘ओरल पेस्ट’ हे शब्द वाचूनच घ्या. याच नावाची इंजेक्शनं असतात, आणि त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमं तर ढिगाने असतात. ती तोंडात चालत नाहीत. पेस्ट नियमाप्रमाणे चिठ्ठीवर मिळते. चिठ्ठीशिवाय दिली तरी घेऊ नये, कारण जखम बुरशीची किंवा हर्पिसची निघाली तर स्टेरॉइडने ती पसरते.

‘पेस्ट लावली पण काही फरक नाही’ अशी तक्रार ऐकली की पुष्कळदा लावण्यात चूक असते. ही पेस्ट मलमासारखी चोळायची नसते. तिच्यात जिलेटिन आणि पेक्टिनसारखे चिकट पदार्थ आहेत. ओल्या जखमेवर बसल्यावर ते फुगतात आणि त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. औषध त्या पापुद्र्यात अडकून जखमेशी राहतं. चोळलं की पापुद्रा मोडतो, पेस्ट रव्यासारखी कणीदार होते आणि पाच मिनिटांत थुंकीबरोबर पोटात जाते. योग्य पद्धत अशी: जेवण झालं, दात घासले, साध्या पाण्याने चूळ भरली. मग कापसाने किंवा स्वच्छ सुती कपड्याच्या टोकाने जखमेवरची लाळ हलकेच टिपून घ्या. घासू नका, फक्त टिपा. बोट धुऊन ओलं ठेवा, कारण कोरड्या बोटालाच पेस्ट चिकटून बसते. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट घ्या, जखमेवर ठेवा आणि दाबून धरा. अर्ध्या मिनिटात वरचा भाग गुळगुळीत लागतो. बोट उचला आणि जिभेने चाचपणं टाळा. त्यानंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. सगळ्यात महत्त्वाची वेळ झोपण्यापूर्वीची. रात्री लाळ कमी असते, गिळणं कमी असतं, त्यामुळे पापुद्रा तासन्‌तास टिकतो. दिवसातून एकदाच जमत असेल तर ती रात्रीची. दुखणं जास्त असेल तर दोन्ही जेवणांनंतर आणि रात्री, अशी तीन वेळा.

जखम पूर्ण उघडण्याआधी, जिथे फक्त टोचल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटतं तिथेच पेस्ट लावली तर फायदा सगळ्यात जास्त. चार दिवस उलटल्यावर सुरू केली तर वेदना कमी होते, पण भरून येण्याचा काळ फारसा घटत नाही. ७ दिवसांत सुधारणा नसेल तर ट्यूब बंद करून डॉक्टरांकडे. मध्येच तोंडात पांढरा थर दिसू लागला तरीही बंद, कारण स्टेरॉइडने बुरशीला वाव मिळतो.

या पेस्टबद्दलचा एक इशारा फक्त एआरटीवाल्यांसाठी आहे आणि तो ट्यूबच्या खोक्यावर सापडणार नाही. तुमच्या बाटलीवर रिटोनाव्हिर हा शब्द आहे का? अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा दरुनाव्हिर असलेल्या दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधं पुरेनाशी झाल्यावर देतात त्या औषधांत तो असतो. रिटोनाव्हिर यकृतातल्या एका एन्झाइमला रोखून धरतो आणि ट्रायामसिनोलोनची विल्हेवाट लावण्याचं काम नेमकं तेच एन्झाइम करतं. मग स्टेरॉइड शरीरात साठत राहतं. चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. इंजेक्शनच्या बाबतीत हा धोका पक्का नोंदलेला आहे. सांध्यात किंवा जखमेत ट्रायामसिनोलोन टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर रिटोनाव्हिर चालू असल्याचं तिथल्या तिथे सांगायचं. पेस्टमधून रक्तात जाणारी मात्रा थोडी असते. एका छोट्या जखमेवर चार-पाच दिवस, डॉक्टरांना कळवून, हे ठीक. महिनोन्‌महिने, अनेक जखमांवर, दिवसातून तीनदा असं मात्र रिटोनाव्हिरवर असताना करू नका. कोबिसिस्टॅट असलेल्या औषधालाही हाच नियम. पहिल्या फळीची टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिरची एकत्र गोळी घेणाऱ्यांना ही अडचण नाही.

जखमा अनेक असतील आणि बोट पोचत नाही अशा जागी असतील तर डॉक्टर स्टेरॉइडच्या गुळण्या देतात. बीटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी १५-२० मिलिलिटर पाण्यात विरघळवून तीन-चार मिनिटं तोंडात फिरवायची आणि थुंकायची. गिळायची नाही. मार्ग चांगला आहे, पण देखरेखीखालचा.

आता वेदनेचं. बेन्झिडामिन ०.१५ टक्के, टँटम नावाने ओळखली जाणारी गुळणी, ही तोंडभर दुखत असताना आम्हाला सगळ्यात कामाची वाटते. ती जखम भरत नाही. काम एकच, जेवण पोटात जाऊ देणं. म्हणून ती जेवणानंतर घेण्यात अर्थ नाही. जेवायच्या दहा मिनिटं आधी १५ मिलिलिटर, अर्धा मिनिट तोंडात फिरवून थुंकायची. पहिल्या घोटाला झोंबते आणि तिथेच पुष्कळ लोक बाटली बाजूला टाकतात. तसं करू नका, तेवढंच पाणी घालून पातळ करा, झोंबणं बरंच कमी होतं. तोंड थोडा वेळ बधिर राहतं, त्या वेळात फार गरम चहा घेतला तर भाजलेलं कळत नाही. सात दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर प्रश्न गुळणीचा राहिलेला नाही, जखमेचा आहे.

कोलिन सॅलिसिलेटची जेल, झायटी हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव, मेडिकलवाला सहसा हीच पुढे करतो. दोन-तीन छोट्या फोडांना ठीक आहे. दोन थेंब बोटावर घेऊन हलकेच लावायचे, तीन-चार तासांनी पुन्हा. बिघडतं ते इथे: बरं वाटलं म्हणून माणूस तासातासाने लावतो, किंवा कापसाचा बोळा जेलमध्ये बुडवून गालात दाबून ठेवतो. सॅलिसिलेट एका जागी असं दाबून राहिलं की आतली त्वचा भाजते आणि पांढरी पडते. मग तो पांढरा डाग बुरशीसारखा दिसतो, बुरशीचं औषध सुरू होतं आणि मूळ जखम तशीच राहते. कवळी असेल तर कवळीखाली ही जेल कधीच नको. १६ वर्षांखालच्या मुलांनाही नको.

लिग्नोकेनची जेल बधिर करते आणि त्याच कारणाने जपून वापरायची. जखमेपुरतीच लावा, घशाकडे जाऊ देऊ नका. घसा बधिर असताना घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, हेक्सिडीन वगैरे, ही जंतू कमी करणारी गुळणी. अ‍ॅफ्थस जखम जंतूंमुळे होत नाही, पण तिच्यावर जंतू बसून ती लांबते, तेवढ्यापुरता हिचा उपयोग. दुखण्यामुळे दात घासता येत नसतील तर मात्र ही फार मोलाची. १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्ट आणि ही गुळणी यांत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक हिला निकामी करतो, आणि दात घासल्या घासल्या गुळणी करण्याची सवय सर्रास असते. दोन-तीन आठवडे वापरली की दातांवर तपकिरी डाग चढतात, चहा जास्त पिणाऱ्यांच्या दातांवर जास्त. डाग दंतवैद्याकडे साफ होतात, पण चव बिघडते तो त्रास आधीच कमी जेवणाऱ्याला परवडत नाही. बुरशीसाठी निस्टॅटिन चालू असेल तर ही सोबत नको, दोन्ही एकमेकांचा परिणाम घालवतात. अल्कोहोल असलेले सुगंधी माउथवॉश तर जखम असताना घरातही नकोत.

कॅन्डिड माउथ पेंट, म्हणजे क्लोट्रिमॅझोल १ टक्का, हे बुरशीचं औषध आहे. साध्या फोडावर त्याचा काही उपयोग नाही. उलट बुरशी असेल आणि गिळताना छातीत, घशात दुखत असेल तर पेंट पुरत नाही. बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते आणि तिथे पोटातून फ्लुकोनॅझोलच लागतं, तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस.

आता पट्टीकडे. बी-कॉम्प्लेक्सने प्रत्येक तोंड बरं होतं हा समज फार जुना आहे. बी-१२, फोलेट किंवा लोह कमी असेल तर त्या कमतरतेमुळे तोंड येतं आणि ती भरून काढली की थांबतंही. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं नेहमीचंच. पण कमतरता नसेल तर दहा कॅप्सूलची पट्टी संपवून लघवी पिवळी होण्यापलीकडे काही पदरात पडत नाही. एकदा हिमोग्राम, बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, मग पट्टीवर खर्च करा. एआरटीत झिडोव्ह्युडिन घेणाऱ्यांनी हिमोग्राम टाळूच नये, त्या औषधाने रक्त आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी होऊ शकतात.

खरी गोम पट्टीवरच्या बारीक अक्षरात आहे. साधी बी-कॉम्प्लेक्स वेगळी आणि झिंक, लोह, कॅल्शियम घातलेली वेगळी. टीएलडीमधलं डोल्युटेग्राव्हिर या धातूंना चिकटतं आणि मग ते आतड्यातून रक्तात नीट शोषलं जात नाही. तोंडाचा फोड बरा करण्याच्या नादात विषाणूवरची पकड सैल करायची, हा सौदा कुणीही करू नये. नियम असा की डोल्युटेग्राव्हिर आधी घेतलं तर धातूंची गोळी २ तासांनी, आणि धातूंची गोळी आधी झाली तर डोल्युटेग्राव्हिर ६ तासांनी. घड्याळात बसवायला सोपा उपाय म्हणजे झिंक-लोहाची गोळी दुपारी १ वाजता, जेवणानंतर. टीएलडी सकाळी ९ ला असो की रात्री ९ ला, दोन्हीकडचं अंतर सुटतं. पित्तासाठी घेतात त्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधालाही हेच अंतर. काही जण ते औषध फोडांवर लावायला वापरतात. लावलंच तर थुंका, गिळू नका.

कमी खर्चाच्या दोन गोष्टी बाटल्यांपेक्षा जास्त दिवस साथ देतात. एक, मिठाची गुळणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, वाटल्यास तेवढाच खायचा सोडा, दिवसातून चार वेळा. मीठ जास्त घातलं तर जास्त गुण येतो हे खरं नाही, फक्त जास्त झोंबतं. दुसरी, टूथपेस्ट बदलणं. मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट शोधा. हा फेसाचा घटक काहींच्या तोंडाला सोसत नाही. त्याच्याशिवायची पेस्ट आणि अतिमऊ ब्रश दोन-तीन महिने सलग वापरून फोडांच्या तारखा कॅलेंडरवर टिपत गेलात तर आपल्याला फरक पडतो की नाही हे स्वच्छ कळतं.

घरगुती उपायांत साजूक तूप लावणं निर्धोक, जखमेवर ओलावा राहतो. जाईची पानं चघळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चघळायचीच असतील तर नीट धुऊन, आणि सीडीफोर खूप कमी असेल तर कच्चा पाला टाळलेला बरा. तुरटीने चरचरतं आणि जखम कोरडी पडून फाटते. लवंगेचं तेल, कापूर, चुना हे थेट भाजतात. मिश्री आणि तंबाखू चालू ठेवून कुठलीही ट्यूब लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुखतंय म्हणून जेवण सुटतं आणि त्यापाठोपाठ गोळीही सुटते, आम्हाला सगळ्यात काळजी याची वाटते. पेज, मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं, गार नाचणीची आंबील असं काहीतरी पोटात राहू द्या. चिवडा, शेव, भाकरीचा कडक पापुद्रा, टोमॅटो, लिंबू आठवडाभर लांब ठेवा. गोळी गिळताना लागत असेल तर केळ्याच्या लगद्यातून घ्या. कुटून घेण्याआधी एआरटी सेंटरच्या फार्मासिस्टला विचारा. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरची गोळी तर कुटायचीच नाही, रक्तातली मात्रा घटते. आणि घरच्यांसाठी एक वाक्य: ताट-वाटी-पेला वेगळा ठेवायची काही गरज नाही, जेवणा-भांड्यांतून एचआयव्ही पसरत नाही.

ट्यूब बाजूला ठेवून त्याच दिवशी निघायचं अशा वेळा मोजक्या आहेत. फोडांसोबत ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल किंवा ओठांची साल निघणं, विशेषतः सेप्ट्रान (जंतुसंसर्गावरची गोळी) किंवा एआरटीतलं नेव्हिरापिन, अबाकाव्हिर सुरू होऊन काही आठवडेच झाले असतील तर. ही औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी असू शकते आणि तिथे तासांना किंमत असते. पाणीही गिळता येत नसेल तरी त्याच दिवशी. २-३ आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा काढून तपासायला हवा, कारण क्षय, सिफिलिस, हिस्टोप्लाझ्मोसिस (एक बुरशीचा आजार), लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि तोंडाचा कर्करोग हे सगळे साध्या फोडाचं सोंग घेतात. सहा महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा तोंड आलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते दुसऱ्या टप्प्याचं लक्षण धरतात. एआरटी नियमित असूनही असं होत असेल तर व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीची, तारीख पुढे ढकलू नका. ही तपासणी एआरटी सेंटरमधून मोफत होते.

हट्टी मोठ्या जखमांवर थॅलिडोमाइडही आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एचआयव्ही असलेल्या २९ पैकी १६ जणांच्या जखमा ४ आठवड्यांत पूर्ण भरल्या, बिनऔषधी गोळीवर २८ पैकी फक्त २ जणांच्या. पण गर्भात गंभीर व्यंग आणि हातापायांच्या नसांना इजा, ही त्याची किंमत. तज्ज्ञाच्या हातातच ठेवावं असं औषध.

तोंडाचं दाखवायला साध्या दातांच्या दवाखान्यापेक्षा डेंटल कॉलेजचा ओरल मेडिसिन विभाग बरा. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर, विदर्भात नागपूरचं, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं. एचआयव्हीचं कारण देऊन उपचार नाकारणं किंवा संमतीशिवाय ती माहिती इतरांना सांगणं, दोन्हीला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंदी आहे, आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुठे अडवलं तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. जाताना एआरटीचं पुस्तक, चालू सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, फोडांच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर आणि जखम सर्वांत मोठी होती त्या दिवशी काढलेला फोटो सोबत न्या. फोटोत मोजमापासाठी जखमेजवळ कानकाडीचं टोक धरलेलं असावं.